मातीची गाडी आणि सभ्य माणसं

बालमित्रांनो, सभ्य माणूस कोणाला म्हणायचं? इस्त्रीचे कपडे घालणाऱ्याला? खूप शिकलेल्याला? घाई नको, आधी एका नाटकाची गोष्ट ऐका.

साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला वेण्णा भेटते. तीच कृष्णा पुढे सांगलीजवळ हरिपूरला येते, तिथे तिला वारणा मिळते. या हरिपुरात १८५५ साली नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले. 'संगीत शारदा' लिहिणारे तेच, बरं का! शूद्रकाचं 'मृच्छकटिक' हे १० अंकी संस्कृत नाटक त्यांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणलं.

मुख्य कथा आहे चारुदत्ताची. दानधर्म करून गरीब झालेला हा सज्जन आणि वसंतसेना ही श्रीमंत कलावंतीण यांचं एकमेकांवर प्रेम असतं. पण राजाचा मेहुणा शकार तिच्या मागे लागतो. शकाराचा थाट मोठा, तोंडी सारखे पुराणांतले दाखले, आणि तेही चुकीचे! ती नकार देते, तेव्हा तो तिचा गळा दाबतो आणि आळ घालतो चारुदत्तावर.

आता मूळ नाटकातली उपकथानकं, म्हणजे बाजूच्या लहान गोष्टी पाहा. शर्विलक जन्माने ब्राह्मण, पण घरफोड्या. भिंत फोडताना मापाला तो जानवं वापरतो! विद्या त्याला चोरीपासून अडवत नाही. पण मित्र तुरुंगात पडल्याचं कळताच नव्या नवरीला सोडून तो त्याला सोडवायला धावतो.

स्थावरक हा शकाराचा गुलाम गाडीवान. वसंतसेनेला मारण्यासाठी शकार त्याला सोन्याचं आमिष दाखवतो. तो मार खातो, पण तिच्यावर हात उचलत नाही. कोंडून ठेवल्यावर उंचावरून उडी टाकून खरं सांगायला येतो. गुलामाचं कोण ऐकणार? कोणीच नाही!

चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे चांडाळ. लोक त्यांची सावलीही टाळत. पण त्यांच्यातला एक मुद्दाम वेळ काढतो, न जाणो, हा सुटेल! तेवढ्यात वसंतसेना जिवंत येते. तिला वाचवलेलं असतं एका भिक्षूने. तो पूर्वी जुगारी होता, त्याचं देणं तिनेच फेडलं होतं.

पाहिलंत? चारुदत्ताचा जीव वाचला तो गावाने खालचं ठरवलेल्या माणसांमुळे. नाटकाचं नावही एका छोट्या प्रसंगावरून आलंय. चारुदत्ताचा मुलगा सोन्याच्या गाडीसाठी रडतो, तेव्हा वसंतसेना त्याच्या मातीच्या गाडीत आपले दागिने ठेवते.

पालकहो, 'चांगल्या घरची मुलं' असं आपण सहज म्हणतो. मुलं ते ऐकतात आणि वर्गात कोणाशेजारी बसायचं ते त्यावरून ठरवतात. तेव्हा जरा जपून.

आणि मुलांनो, स्नेहसंमेलनात हे नाटक बसलं तर चारुदत्त व्हायला सगळेच हात वर करतील. तुम्ही स्थावरकाचं काम मागून बघा. वाक्यं थोडी आहेत, पण 'नाही' म्हणायला छाती लागते!