निष्प्रयोजन प्रवास : कुटुंबाविना सागरतीरी जाणाऱ्या स्त्रियांच्या सहलींचे सामाजिक स्वरूप

घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला महाराष्ट्रीय समाजाने परंपरेने दोन प्रश्न विचारले आहेत. ‘कशासाठी?’ हा पहिला आणि ‘सोबत कोण?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यास तिच्या प्रवासाला फारसा विरोध होत नसे. गेल्या काही दशकांत मध्यमवर्गीय स्त्रियांचे गट पती, मुले व सासरची माणसे यांना घरी ठेवून अंदमान, श्रीलंका, थायलंड, बाली अशा उष्ण कटिबंधातील सागरतीरी केवळ विश्रांतीसाठी जाऊ लागले आहेत. या घटनेचे महत्त्व असे की, तिच्यात वरील दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदललेली दिसतात. हा बदल कितपत खोल आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणादाखल मुख्यतः अंदमानची सहल घेतली आहे.

पूर्वीच्या अनुपस्थितीचे प्रकार

विवाहित स्त्रीने सासर काही काळ सोडणे ही गोष्ट परंपरेला अपरिचित नव्हती. पहिली मंगळागौर, दिवाळसण, बाळंतपण, भावाबहिणींची लग्नकार्ये या निमित्तांनी ती माहेरी जाई. वय झाल्यावर काशी-रामेश्वराची यात्रा घडे व वारकरी कुटुंबात पंढरीची वारी असे. या सर्व प्रकारांत एक समान सूत्र आढळते. स्त्रीची अनुपस्थिती नातेसंबंध, वंशवृद्धी किंवा पुण्यसंचय यांपैकी कोणत्या तरी मान्य प्रयोजनाशी बांधलेली असे. वाटेत तिला आनंद मिळत नसे असे नव्हे. परंतु तो आनुषंगिक होता. त्याचे समर्थन स्वतंत्रपणे द्यावे लागत नसे आणि देताही येत नसे.

एकोणिसाव्या शतकातील ज्या महाराष्ट्रीय स्त्रियांनी समुद्र ओलांडला, त्यांनाही हा नियम लागू होता. आनंदीबाई जोशी १८८३ साली पतीविना अमेरिकेस गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणासाठी. पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेतील वास्तव्यातून १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीवरील मराठी ग्रंथ निर्माण झाला. त्यांचे धाडस असामान्य होते. तथापि त्या धाडसामागेही लोकसेवेचे उच्च प्रयोजन उभे होते. काहीही साध्य करावयाचे नसताना सहा दिवस समुद्राकाठी बसून राहण्यास असे कोणतेही प्रयोजन नसते. अशा सहलींचे समाजशास्त्रीय नावीन्य या निष्प्रयोजनतेत आहे.

‘सोबत’ या संस्थेचे रूपांतर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संघटित पर्यटनाने दिले. टॉमस कुक यांनी १८४१ साली लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेसहल काढली, तेथून या व्यवसायाचा आरंभ मानला जातो. १८६३ साली त्यांच्या स्वित्झर्लंडच्या सहलीत काही इंग्रज स्त्रियाही होत्या आणि त्यांपैकी जेमायमा मॉरेल यांनी लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध आहे. तिकिटे, निवास व मार्गदर्शक यांची पूर्वव्यवस्था असल्याने स्त्रीला पिता किंवा पती यांच्या संरक्षणाशिवाय प्रवास करणे शक्य झाले. नातेवाइकाची सोबत जाऊन तिच्या जागी व्यवस्थेची सोबत आली, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात हीच प्रक्रिया उशिरा, परंतु अधिक स्पष्टपणे घडली. १९८४ साली स्थापन झालेली केसरी आणि २०१३ साली स्थापन झालेली वीणा वर्ल्ड या मुंबईच्या पर्यटनसंस्थांनी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र सहली काढल्या. या सहलींत संस्थेचा व्यवस्थापक मराठी बोलणारा असतो, जेवणाची वेळ व चव परिचित राखली जाते आणि एकट्या आलेल्या स्त्रीस खोलीची जोडीदारीण मिळवून दिली जाते. त्यामुळे घरच्या मंडळींना ‘सोबत कोण?’ या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या नावाने देता येते. खर्चाची तरतूद काही गटांत भिशीतून होते. दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करून ती पाळीपाळीने एकेकीस देण्याची ही जुनी रीत आहे. सहलीसाठी तीच रक्कम सर्वांच्या नावे साठविली की घरखर्चातून वेगळे पैसे मागण्याचा प्रसंग टळतो.

अंदमान : विश्रांतीला मिळणारी प्रतिष्ठा

‘कशासाठी?’ हा प्रश्न मात्र पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. पन्नाशी, साठी, सेवानिवृत्ती, शाळेतील मैत्रिणींचे पुनर्मीलन अशी निमित्ते सहलीला जोडली जातात. अंदमानच्या बाबतीत तर एक विशेष निमित्त उपलब्ध आहे. १९०६ साली बांधून पूर्ण झालेला तेथील सेल्युलर जेल १९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण करण्यात आला. वि. दा. सावरकर तेथे १९११ ते १९२१ या काळात बंदिवान असल्यामुळे मराठी प्रवाशांच्या मनात त्या स्थळाला तीर्थाचे स्थान आहे. सहा दिवसांपैकी अर्धा दिवस या कोठड्या पाहण्यात जातो आणि उरलेले दिवस स्वराज द्वीप व शहीद द्वीप यांच्या किनाऱ्यांवर. तरीही घरी सांगताना पहिल्याचा उल्लेख आधी होतो. निष्प्रयोजन विश्रांतीला यात्रेची प्रतिष्ठा मिळवून देण्याची ही पद्धत जुन्या संस्काराची शक्ती दर्शविते.

या भूमीचा आणखी एक संदर्भ अभ्यासकाने विसरू नये. १८५८ साली तेथे ब्रिटिशांनी कैद्यांची वसाहत स्थापिली व पुढे स्त्री-कैद्यांनाही तेथे धाडण्यात आले. कुटुंबापासून तोडणे हा त्या काळी शिक्षेचाच भाग होता. त्याच बेटांवर कुटुंबापासूनचे अंतर आज पैसे देऊन विकत घेतले जाते. अंतर तेवढेच आहे; ते कोणाच्या इच्छेने पडले, यावर त्याचा अर्थ ठरतो.

उंबरठ्यावरची अवस्था

व्हान गेनेप यांनी १९०९ साली संक्रमणविधींच्या तीन अवस्था सांगितल्या : विलगीकरण, उंबरठ्यावरची मधली अवस्था आणि पुनःप्रवेश. व्हिक्टर टर्नर यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मधल्या अवस्थेत निर्माण होणाऱ्या समभावाचे विस्तृत विवेचन केले. ही मांडणी प्रस्तुत विषयास लावून पाहणे उद्बोधक ठरते.

मधल्या अवस्थेला अंदमानचा भूगोलही साहाय्य करतो. ही बेटे मुंबईच्या पूर्वेस सुमारे २० रेखांश दूर असूनही घड्याळ मात्र एकच आहे. त्यामुळे सूर्य तेथे सुमारे ८० मिनिटे लवकर येतो. डिसेंबरात पहाटे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. स्थलदर्शन लवकर आटोपते व रात्रीच्या जेवणापूर्वी तीन तास रिकामे राहतात. घरी हीच वेळ कुकर, कणीक आणि मुलांचा अभ्यास यांची असते. येथे त्या वेळेवर कोणाचाही हक्क नसतो. गप्पा, भेंड्या, फुगड्या, क्वचित दीर्घकाळ न बोललेले दुःख, हे सर्व या तीन तासांत सामावते.

या समभावाचे सर्वांत अर्थपूर्ण अंग म्हणजे विधवेचे स्थान. हळदीकुंकू हा महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एकत्र येण्याचा सर्वमान्य प्रसंग. परंतु रूढीने तो सुवासिनींचा आहे. सहलीच्या यादीत सौभाग्याचा रकाना नसतो. पतीविना येणे ही येथे सर्वांचीच अट असल्याने जिचा पती हयात नाही, तिची उणीव तेवढ्यापुरती दृष्टीआड होते. अनेक परंपरागत मेळाव्यांत न मिळणारी समानता तिला या व्यापारी व्यवस्थेत लाभते, ही गोष्ट परंपरेच्या अभिमान्यांनी विचारात घ्यावी अशी आहे.

तथापि समभावाला मर्यादा आहेत. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवरील आपल्या लेखात, जो १९६२ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झाला, एकत्र भजन करणारे वारकरी जेवताना जातीनुसार वेगळे बसतात, याची व्यथित नोंद केली होती. सहलीतील पंगत एकच असते; परंतु तिच्यात कोणी बसावे हे सहलीच्या शुल्काने आधीच ठरविलेले असते. घरची धुणीभांडी करणारी स्त्री या पंगतीत नसते, आणि हॉटेलातील खोल्या झाडणाऱ्या स्त्रीची सुट्टी हा चर्चेचा विषय होत नाही.

घरकामाचा हिशेब

विश्रांती म्हणजे नेमकी कशापासून सुटका, हे आकड्यांनी पाहता येते. भारत सरकारच्या २०१९ सालच्या कालविनियोग पाहणीत घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करताना आढळल्या. ती कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचे २६.१ टक्के होते. २०२४ सालच्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे झाले. म्हणजे स्त्रीचा भार दहा मिनिटांनी घटला, परंतु पुरुषाचा वाटा वाढला नाही; तोही नऊ मिनिटांनी कमीच झाला. २८९ मिनिटांच्या हिशेबाने सहा दिवसांच्या सहलीत सुमारे २९ तासांचे काम मागे राहते.

हे २९ तास कोठे जातात? त्यांतील काही तास विलगीकरणाच्या अवस्थेतच आगाऊ भरले जातात. शीतकपाटात भाज्या चिरून ठेवणे, औषधांच्या पुड्यांवर वेळा लिहिणे, दूधवाला व इस्त्रीवाला यांचे हिशेब चुकते करणे ही कामे निघण्यापूर्वी आठवडाभर चालतात. काही तास सासू, मुलगी किंवा मोलकरीण यांच्याकडे जातात. काही तास दूरध्वनीवरून पार पडतात, कारण डाळ कोणत्या डब्यात आहे हे समुद्रकाठी बसलेलीलाच ठाऊक असते. उरलेले काम साचून राहते आणि पुनःप्रवेशाच्या दिवशी तिची वाट पाहते. प्रत्येकासाठी आणलेल्या भेटवस्तूंतही अनुपस्थितीचे ऋण फेडण्याची भावना सूक्ष्मपणे वावरते.

यावरून या सहली म्हणजे केवळ एक झडप आहे, तिच्यातून वाफ सुटते व व्यवस्था सुखरूप राहते, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी अमान्य करता येत नाही. परंतु तो पुरताही नाही. टर्नर यांच्या मांडणीतही उंबरठ्यावरून परतणारी व्यक्ती पूर्वीचीच राहत नाही. प्रयोजनाविना घेतलेले सहा दिवस जिने एकदा अनुभवले, तिला आपला वेळ हा आपला असू शकतो याची प्रचिती आलेली असते, आणि पुढील वर्षी ‘कशासाठी?’ या प्रश्नाला ती अधिक थोडक्यात उत्तर देते.

तेव्हा या घटनेचे मोजमाप सहलीस गेलेल्या स्त्रियांच्या संख्येवरून करणे अपुरे होईल. ते त्या सहा दिवसांत घरात काय घडले यावरून करावे लागेल. पती स्वयंपाकघरात शिरला की शेजारून डबा आला. मुलाने कपडे धुतले की आईची वाट पाहिली. आणि जे काम त्या सहा दिवसांत त्यांना जमले, ते सातव्या दिवशीही त्यांच्याकडे राहिले का? कुटुंबसंस्थेच्या अभ्यासकांना या प्रश्नांची उत्तरे विमानतळावर किंवा सागरतीरी मिळणार नाहीत. ती तिच्या अनुपस्थितीतील स्वयंपाकघरात शोधावी लागतील.