पेढीवरील माणसे आणि फौजदारी तक्रार

बारामतीच्या एमआयडीसीत काय किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत काय, आज एकाच पेढीवर नाना जातिधर्मांची माणसे काम करतात. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी उभारलेले वालचंदनगरही अशाच कष्टकऱ्यांच्या बळावर वाढले. अशा ठिकाणी मालकाने नोंदविलेला एखादा शेरा कोठवर जाऊ शकतो, हे कराडच्या प्रकरणावरून ध्यानी यावे.

तेथील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील भांडारपालाच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे आले. त्यातून अॅट्रॉसिटी कायद्याखाली झालेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी आवश्यक ठरविली. त्यावर देशभर क्षोभ उसळला, संसदेने त्याच वर्षी कायद्यात कलम १८-अ घातले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये ही दुरुस्ती वैध ठरली. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाचे दार बंद नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

आपल्या मंडळींत या कायद्याविषयी भयच अधिक. आमच्या मते ते भय अस्थानी आहे. जातिवाचक अपमान सोसणाऱ्यास कायद्याचा आधार हवाच. निर्दोष मालकाचा बचाव मात्र वकिलाच्या कचेरीत नव्हे, पेढीच्या दप्तरातच सुरू होतो. हजेरीपट, पगारपत्रक, कारणांसह दिलेली लेखी समज आणि सर्वांना एकच नियम लावल्याचा पुरावा जपून ठेवावा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते; तक्रारीची कुणकुण लागताच ते उतरवून घ्यावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) अन्वये पोलिसांची नोटीस आल्यास हजर राहावे. नोटीस पाळणाऱ्यास पोलिसांनी कारणे नोंदविल्याखेरीज अटक करता येत नाही. चौकशीदरम्यान वकिलास भेटण्याचा हक्कही आहे. तक्रारदाराच्या घरी मध्यस्थ धाडून दबाव आणणे सर्वथा टाळावे. तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

स्त्री कर्मचाऱ्यांविषयीची उदासीनता अधिक खटकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समिती सक्तीची आहे. नसल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड होतो. घरच्या सूनबाईंचे नाव कागदावर घालून भागत नाही. अध्यक्षा तेथेच वरिष्ठ पदावर काम करणारी हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा हवा. लहान दुकानातील भगिनींना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.