प्रकाश थोडा, गणित फार

मार्च २०२३ मध्ये एका हौशी छायाचित्रकाराने साधा पण नेमका प्रयोग केला. चंद्राचं एक स्वच्छ छायाचित्र घेऊन त्याने ते जेमतेम १७० बाय १७० पिक्सेलांपर्यंत आकसवलं आणि वर मुद्दाम धूसर केलं. विवरं, डाग, कडा, काहीच ओळखू येईना. मग ते संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीतले दिवे घालवले आणि लांब उभं राहून सॅमसंगच्या महागड्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरं उमटली. पडद्यावर जी नव्हती, तीच.

कंपनीचा खुलासा असा होता: चौकटीत चंद्र आहे हे कॅमेऱ्याने ओळखलं, की अनेक फ्रेम एकत्र केल्या जातात आणि चंद्राच्या छायाचित्रांवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता तपशील ठळक करते, नको असेल त्याने ही सोय बंद ठेवावी. त्यावर ‘हा फोटो खरा की खोटा’ असा वाद बराच रंगला. मला त्याहून उपयोगी वाटतो तो दुसराच प्रश्न. फोटोतला किती भाग लेन्समधून आलेल्या प्रकाशाने काढला आणि किती हिशेबाने भरला? ‘फोन चांगला की कॅमेरा’ या नेहमीच्या भांडणात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उत्तर मात्र त्यातच आहे.

प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत. वळवाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या शहाबादी फरश्यांवर पडताना पाहा. एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर तीन. पाऊस दोन्हींवर सारखाच, तरी त्या सारख्या भिजत नाहीत. सर धरली की हा फरक मिटतो. सेन्सरवरच्या पिक्सेलांचं असंच होतं. एका पिक्सेलला सरासरी १०० फोटॉन मिळणार असतील, तर चढउतार साधारण १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० मिळाले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. गणित वर्गमुळाचं आहे. कमी उजेडातल्या फोटोत भिंतींवर, चेहऱ्यांवर जे रवाळ ठिपके दिसतात आणि ज्याला फोटोग्राफर ‘नॉइज’ म्हणतात, त्याचा मोठा वाटा याच चढउताराचा. सेन्सर कितीही उत्तम आणला तरी हा वाटा जात नाही, कारण तो प्रकाशाच्या स्वभावातच आहे. उपाय एकच: जास्त फोटॉन गोळा करा.

ते गोळा करायचे दोन मार्ग आहेत. क्षेत्रफळ वाढवा, किंवा वेळ वाढवा.

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आजच्या चांगल्या फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय साडेसात मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ७० ते ७५ चौरस मिलिमीटर. फरक सुमारे बारा पटींचा. इथे काहीजण म्हणतील की फोनच्या लेन्सवरही एफ/१.८ लिहिलेलं असतं, कॅमेऱ्याच्या लेन्सवरही तेच, मग प्रकाश सारखाच नाही का? नाही. एफ हा आकडा भागाकाराचा आहे: लेन्सचं केंद्रांतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास. सारखंच दृश्य टिपणाऱ्या दोन लेन्स घेतल्या, तर फुल-फ्रेमवर २४ मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र १३ मिलिमीटरचं असतं, आणि फोनच्या साडेसहा-सात मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र चार मिलिमीटरच्याही आत. वर्ग करून पाहिलं तर पुन्हा साधारण तोच बारा पटींचा हिशेब येतो. जाहिरातीत एफचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, छिद्राचा व्यास कुठेच नसतो. ग्राहकाला खरं तर दुसऱ्याचीच गरज आहे.

मेगापिक्सेलचं प्रकरण याहून दिशाभूल करणारं. २०० मेगापिक्सेलच्या फोन-सेन्सरमध्ये एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो. पण प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, आणि एफ/१.७ च्या अगदी निर्दोष लेन्समधूनही हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे सव्वादोन मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो. एका ठिपक्यात तीन-चार पिक्सेल आडवे आणि तितकेच उभे. म्हणूनच असे फोन एरवी सोळा पिक्सेल मिळून एक धरतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. ए४ कागदावर उत्तम छपाईला नऊ मेगापिक्सेलही पुरतात. तेव्हा आकड्याला भुलून फोन बदलू नये, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

फोन बनवणाऱ्यांना क्षेत्रफळ वाढवता येत नव्हतं. खिशात मावणारी जाडी ही त्यांची लक्ष्मणरेषा. त्यांनी वेळेचा मार्ग धरला, आणि तो इतक्या हुशारीने धरला की गेल्या पंधरा वर्षांतली छायाचित्रणातली सर्वांत सुंदर कल्पना मी यालाच म्हणेन. शटर बराच वेळ उघडं ठेवलं तर हात हलतो, चित्र फराटतं. त्याऐवजी पटापट अनेक छोट्या फ्रेम घ्यायच्या, त्या एकमेकींवर अचूक बसवायच्या आणि सरासरी काढायची. दृश्य प्रत्येक फ्रेममध्ये तेच असतं, नॉइज प्रत्येक वेळी वेगळा. बेरजेत दृश्य टिकतं, नॉइज एकमेकांना खोडतो. सोळा फ्रेम मिळवल्या की तो चौपट कमी होतो. बारा पट लहान सेन्सरने तशाच बारा फ्रेम घेतल्या, तर त्याने मोठ्या सेन्सरच्या एका फ्रेमइतका प्रकाश गोळा केला, असा हा सरळ व्यवहार आहे.

आकाशाचे फोटो काढणारे हौशी खगोलप्रेमी ही युक्ती फार आधीपासून वापरतात. ती खिशात आणली ती स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ मार्क लेव्हॉय आणि गुगलमधल्या त्यांच्या चमूने. २०१३ मध्ये नेक्सस ५ या फोनमध्ये ‘एचडीआर प्लस’ आलं, २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये ‘नाइट साइट’. हातात धरलेला फोन यात जास्तीत जास्त १५ फ्रेम घेतो आणि बटण दाबण्याआधीच हात किती हलतोय, समोरचं दृश्य किती हलतंय हे मोजून प्रत्येक फ्रेमचा वेळ ठरवतो. यात कुठेही काही रचलेलं नाही. वापरलेला सगळा प्रकाश त्या क्षणी त्या जागेवरून आलेला असतो.

त्याच वर्षी आलेली दुसरी करामत तर मला अजून चकित करते. सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्या पिक्सेलांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी काढली, पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलवर तीनपैकी एकच रंग मोजलेला आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजलेले. लाखांच्या कॅमेऱ्यातही बहुधा हेच. ‘केवळ फोनच अंदाज लावतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गुगलच्या अभियंत्यांनी ओळखलं की हाताच्या नैसर्गिक कंपामुळे एकापाठोपाठच्या फ्रेम किंचित सरकलेल्या असतात; मग आधीच्या फ्रेममध्ये ज्या जागी लाल मोजला गेला, तिथे पुढच्या फ्रेममध्ये हिरवा मोजला जातो. जो कंप शत्रू मानला गेला, त्यानेच अंदाजाच्या जागी मोजमाप आणून दिलं. पिक्सेल ३ मधला झूम यावर उभा होता.

कॅमेरा कंपन्यांनी हे का केलं नाही? काहींनी केलं. ऑलिंपसच्या एका कॅमेऱ्यात २०१९ पासून हातात धरून अनेक फ्रेम जुळवायची सोय आहे. पण मोठा सेन्सर वाचायला जास्त वेळ लागतो, आणि फोनच्या चिपमागे जसा कोट्यवधी ग्राहकांचा पैसा असतो तसा कॅमेऱ्याच्या चिपमागे नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीत २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते. २०२३ साली ८० लाखही नाहीत. जे गेले ते बहुतेक खिशातले छोटे कॅमेरे, आणि त्यांची जागा फोनने हक्काने घेतली.

लहान सेन्सरचा एक फायदा तर मोठ्या कॅमेऱ्यांच्या मालकांनाही हेवा वाटावा असा. छिद्र छोटं म्हणून फोकसची खोली जास्त. भाद्रपदात कासच्या पठारावर नखाएवढं फूल टिपायला गेलात, तर मोठ्या कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्स लावूनही एक पाकळी स्पष्ट आणि दुसरी धूसर येते. फोनमध्ये अख्खं फूल येतं. २०२२ मध्ये अ‍ॅपलच्या मॅक्रो छायाचित्रस्पर्धेत कोल्हापूरच्या एका छायाचित्रकाराचं कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवबिंदूंचं चित्र दहा विजेत्यांमध्ये निवडलं गेलं. आयफोन १३ प्रो दोन सेंटिमीटरवर फोकस करू शकतो, आणि पहाटेचं जाळं हालचाल करत नाही. फोनला अनुकूल असं सगळं त्या चित्रात होतं: जवळचं, स्थिर आणि सारख्या उजेडातलं.

आता याच्या उलट टोकाला जा. उजनीच्या पाणलोटात, भिगवणला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. होडी डुलतेय, थवा लांबवर, आणि तो एकदम उठतो. पंख गोठवायचे तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचं शटर हवं. पंधरा फ्रेम जुळवायला इथे वेळच नाही, कारण दुसऱ्या फ्रेमपर्यंत पंख दुसरीकडे गेलेले. वेळेचा मार्ग बंद झाला की क्षेत्रफळ उरतं. ४०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्सचं पुढचं छिद्र १४३ मिलिमीटरचं असतं. फोनच्या दुर्बिणीसारख्या पेरिस्कोप लेन्सचं काही मिलिमीटरच. हळदीच्या रात्री मंडपात नाचणारी मंडळी, दिव्याखालचा कबड्डीचा सामना, रंगमंचावरचा अंधुक प्रवेश, सगळीकडे हीच गोष्ट. अशा कामांवर पोट असणाऱ्याने फोनवर विसंबू नये, आणि खर्च करायचा तर बॉडीपेक्षा लेन्सवर करावा.

पोर्ट्रेट मोडची धूसर पार्श्वभूमी हाही हिशेबच: दोन लेन्सच्या दृष्टीतल्या फरकावरून किंवा इतर खुणांवरून खोली काढायची आणि मागचं पुसट करायचं. केसांच्या कडा, चष्म्याची काच, झुंबराची कानातली इथे तो अजूनही अडखळतो. पण त्याने कुणाचं नुकसान होत नाही.

काळजी वाटते ती क्षेत्रफळ आणि वेळ दोन्ही संपल्यावर येणाऱ्या तिसऱ्या मार्गाची, म्हणजे शिकवलेल्या अंदाजाची. २०२५ च्या पिक्सेल १० प्रोमध्ये ३० पटींपुढच्या झूमला चित्र रचणारं जनरेटिव्ह मॉडेल मदत करतं. दूरच्या पाटीवरची न दिसणारी अक्षरं ते ‘असावीत’ तशी घडवू शकतं. गुगलने माणसांच्या बाबतीत ते न वापरण्याची काळजी घेतली आहे, आणि फोटोत त्याची नोंदही राहते. ही नोंद ठेवण्याची पद्धत कॅमेऱ्यांत आधी आली: २०२३ च्या लायका एम११-पी मध्ये फोटो कुठल्या यंत्राने घेतला आणि पुढे काय बदललं याची डिजिटल सही फाइलसोबतच जाते. प्रत्येक फोनमध्ये ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कारण आपल्याकडे फोनचा फोटो आता कागदपत्र झाला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो पाठवतो आणि सातबाऱ्यावर नोंद होते. अपघात, पडकी भिंत, विम्याचा दावा, सगळ्याला फोनचाच फोटो लागतो. असा फोटो काढताना दृश्य ओळखून सजवणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, मूळ फाइल जपून ठेवावी, आणि झूम करण्याऐवजी चार पावलं पुढे जावं.