बर्फावरचा दमसास

ऑस्लोच्या मेट्रोचा पाच नंबरचा मार्ग सोंग्सवान तळ्यापाशी संपतो. गाडीचं दार उघडलं की समोर तळं आणि त्याच्या पाठीमागून नूरमार्काचं जंगल. डिसेंबरात तिथे दुपारी साडेतीनलाच अंधारतं, पण रानातल्या काही वाटांवर दिव्यांचे खांब असतात. कामावरून सुटलेली माणसं स्की खांद्यावर टाकून मेट्रोत चढतात, शेवटच्या स्टेशनावर उतरतात आणि रानात शिरतात. यंत्राने बर्फ दाबून, त्यात स्कीसाठी दोन समांतर खोबणी पाडून या वाटा तयार ठेवण्याचं काम १८८३ साली स्थापन झालेली ‘शीफोरेनिंगेन’ ही संस्था करते.

नोकरीच्या निमित्ताने मी तीन हिवाळे तिथे काढले. पहिल्या हिवाळ्यात रोज घामाघूम होऊन परत यायचो. छाती फुटेस्तोवर जोर लावला म्हणजे व्यायाम झाला, हे शाळेच्या मैदानापासून मनात बसलेलं. एका संध्याकाळी चढावर क्लबच्या पोशाखातली विशीतली दोन मुलं माझ्या पुढे होती. चढ सुरू झाला तसा त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून वेग कमी केला, इतका की ती जवळजवळ चालूच लागली. आणि सगळा वेळ गप्पा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मित्राला विचारलं, तर तो एकच शब्द म्हणाला: ‘रूली’. म्हणजे शांत, सावकाश. नॉर्वेतल्या स्कीपटूंच्या सरावाच्या वहीत हा शब्द पानोपानी येतो.

तो किती वेळा येतो, हे मारित ब्योर्गेनच्या नोंदींवरून कळतं. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये तिने १५ ऑलिंपिक पदकं मिळवली, त्यांतली ८ सुवर्ण. हिवाळी ऑलिंपिकमध्ये एवढी पदकं आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेली नाहीत. ती रोजच्या सरावाची नोंद वर्षानुवर्षं ठेवत आली आणि नॉर्वेच्या अभ्यासकांनी त्या नोंदींवरून २०१७ साली एक शोधनिबंध लिहिला. विसाव्या वर्षी तिचा वर्षाचा सराव ५२२ तासांचा होता, पस्तिशीला तो ९४० तासांवर गेला. म्हणजे वर्षभर, सुट्ट्या धरून, दिवसाला सरासरी अडीच तासांहून जास्त. आणि तिच्या दमसासाच्या सरावापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग हलक्या जोराचा होता. मूळचे अमेरिकी आणि नॉर्वेत स्थायिक झालेले शरीरशास्त्राचे अभ्यासक स्टीफन सायलर यांनाही वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावात हेच दिसलं: पाचांतली सुमारे चार सत्रं हलकी, एक खरोखर कठीण.

आपल्याकडच्या गवयाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. पहाटे उठून खर्ज भरायचा, एकेका स्वरावर श्वास पुरेल तोवर थांबायचं. मैफलीतल्या तानांचा पाया त्या संथ स्वरांत घातलेला असतो. शरीरातही तसंच घडतं. तासन्‌तास हलक्या जोराने चाललेल्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, शरीर साखर राखून ठेवून चरबी जाळायला शिकतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. नॉर्वेत सरावाच्या जोराच्या पायऱ्या आखलेल्या आहेत. त्यांतली पहिली पायरी कमाल ठोक्यांच्या ६० ते ७२ टक्के. या पायरीवर माणूस पूर्ण वाक्यात बोलू शकतो. बोलणं तुटायला लागलं की पायरी ओलांडली असं समजायचं. मधल्या वेगाचा मोह सगळ्यांना पडतो, कारण त्यात मेहनत केल्याचं समाधान असतं. पण त्या वेगाने दुसऱ्या दिवशीचे पाय जड होतात आणि कठीण सत्राच्या दिवशी अंगात जोर उरत नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पहाटे मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांचीही अडचण बऱ्याचदा हीच असते.

कठीण सत्र मात्र कठीणच असतं. ट्रोन्हाइमच्या विद्यापीठातून प्रसिद्ध झालेली एक पद्धत अशी: चार मिनिटं कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत जोर, मग तीन मिनिटं सैल, असं चार वेळा. याच ट्रोन्हाइमचा स्कीपटू योहानेस क्लेबो २०२५ मध्ये आपल्याच गावी भरलेल्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सहाच्या सहा शर्यती जिंकला. चढावर स्की घालून तो अक्षरशः धावतो. ते धावणं आठवड्यातल्या मोजक्या कठीण सत्रांत घटवलेलं असतं आणि त्याच्याखाली हलक्या तासांचा थर असतो.

या थराचा मोठा भाग बर्फाविना रचला जातो. जुलैत ऑस्लोबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर टकटक आवाज ऐकू येतो, तो रोलर-स्कीवाल्यांच्या काठ्यांच्या धातूच्या टोकांचा. चाकं लावलेल्या आखूड स्कीवर ते तासन्‌तास जातात. डोंगरचढावर हातात काठ्या घेऊन लांब उड्या मारत चढण्याचा एक सराव आहे, त्याचं नाव एल्ग या तिथल्या मोठ्या सांबरासारख्या प्राण्यावरून पडलंय. फिनलंडच्या वुओकाटी गावात १९९७ मध्ये स्कीसाठी बर्फाचा बोगदा बांधला गेला, तिथे उन्हाळ्यातही बर्फ मिळतो. स्वित्झर्लंडच्या दावोसमध्ये तर हिवाळ्यातला बर्फ ढीग करून लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर राखतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीला तोच पसरून सुमारे चार किलोमीटरचा मार्ग तयार करतात. पेवात धान्य राखावं तसा बर्फ राखणाऱ्या त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं.

मग खरी थंडी येते, आणि सगळ्यात आधी सांभाळायची ती छाती. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. शर्यतीतला तगडा स्कीपटू दीडशे लिटरहून अधिक. एवढी हवा नाकातून जाऊ शकत नाही, ती तोंडाने ओढली जाते. थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. ती गरम आणि ओलसर करण्याचं काम श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला करावं लागतं, त्यात ते अस्तर कोरडं पडतं आणि नलिका आकसतात. स्कँडिनेव्हियातल्या क्रॉस-कंट्री स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, त्यामागे वर्षानुवर्षं ओढलेली ही हवा आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार तापमान उणे २० अंशांच्या खाली गेलं तर शर्यत घेत नाहीत. सरावात त्याआधीच काळजी घेतात: तोंडावर कापडी पट्टा किंवा बाहेर पडणाऱ्या श्वासाची ऊब धरून ठेवणारी नळी, कठीण सत्र घरातल्या यंत्रावर, आणि सुरुवातीची वीस मिनिटं अगदी सावकाश. पहिल्या जानेवारीत उणे चौदामध्ये मी चढावर जोर लावला होता. त्या रात्री सुरू झालेला कोरडा खोकला आठवडाभर टिकला, आणि मग कापडी पट्टा माझ्या खिशातून कधी निघाला नाही.

कपड्यांचा नियमही ‘सावकाश’ला धरूनच आहे. घराबाहेर पडताना थोडं गारठायला हवं. पहिल्या पावलालाच ऊब वाटली, तर अर्ध्या तासात घाम येणार आणि थांबलात की तोच घाम गारठवणार. सुती कपडा अंगाला लागू द्यायचा नाही, तो ओला झाला की ओलाच राहतो. आत लोकर, किंवा जाळीदार बनियन. ही जाळी १९३० च्या दशकात हेन्रिक ब्रुन या नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यावरून काढली. जाळीच्या भोकांत हवा अडकते आणि ती ऊब धरते. परतल्यावर पहिलं काम अंगातला ओला कपडा बदलणं, बाकी सगळं नंतर. थंडीत तहान कळत नाही, म्हणून थर्मासमध्ये काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या बेरीचं गरम सरबत, सोबत संत्रं आणि ‘क्विक लुन्श’ चॉकलेट. रानात संत्र्याची साल काढल्याचा वास आला की कुणीतरी जवळच बसलंय हे अंधारातही कळतं.

हिवाळ्यातच चिखलातून सायकलच्या शर्यती करणाऱ्या सायक्लोक्रॉसवाल्यांचं गणित याहून वेगळं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा शर्यतींचा हंगाम, आणि नाताळच्या आसपास तर एकाच आठवड्यात अनेक शर्यती. तीन किलोमीटरच्या आसपासचा फेरा, चिखल, वाळू, पायऱ्या, ४० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या फळ्या. पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची, आणि त्या तासात ठोके खाली येतच नाहीत. दर १ नोव्हेंबरला कोपेनबर्गच्या चढावर शर्यत होते, कोक्सेदेत समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर. टायर ३३ मिलिमीटरहून रुंद चालत नाही, म्हणून पकड मिळवायला हवा इतकी कमी ठेवतात की बोटाने दाबलं तर टायर दबतो. किती कमी, हे सकाळी मार्ग बघून ठरतं, आणि मॅथ्यू व्हान डर पूलसारख्या अनेक वेळच्या विश्वविजेत्यालाही तो मार्ग आधी फिरून बघावाच लागतो.

शर्यतीच कठीण सत्रांचं काम करतात, तेव्हा रविवार ते रविवार काय करायचं? सोमवारी हलकी फेरी. मधल्या एका दिवशी जंगलात किंवा वाळूत तंत्र: धावत्या सायकलवरून उतरणं, ती खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणं, उडी मारून पुन्हा बसणं, तेही न अडखळता. थोडं धावणं, कारण पोटऱ्यांना त्याची सवय नसेल तर पहिल्याच चिखलात त्या आवळतात. लांब हलके तास त्यांनी उन्हाळ्यात रस्त्यावर कमावलेले असतात. शिवाय बरेचजण डिसेंबरात काही दिवस स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर जातात. शर्यतीआधी पायांना ऊब देणारं तेल चोळतात. तालमीतल्या आपल्या मल्लांना हे बघून परकं वाटणार नाही.

भारतात क्रॉस-कंट्री स्कीइंगचा खेळ गुलमर्गच्या बर्फावर, बहुतांशी लष्कराच्या आधाराने उभा आहे. जगदीश सिंग २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत उतरले. २०२५ मध्ये बर्फच कमी पडल्याने गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. दावोसचा भुसा तिथे पोहोचावा, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिलमध्ये सोंग्सवानच्या तळ्यावरचा बर्फ काळपट होऊन तडकतो आणि हंगाम आटोपतो. नॉर्वेच्या स्कीपटूंचं नवं वर्ष सुरू होतं १ मेला. आम्ही मराठी मंडळी त्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी महाराष्ट्र दिनाला जमायचो. तिथे जाताना मेट्रोच्या खिडकीतून रोलर-स्कीवर निघालेली मुलं दिसत. त्यांच्या कोऱ्या वहीतली पहिली नोंद बहुधा एवढीच असणार: दोन तास, रूली.