पाच उदाहरणे आणि एक अपवाद

४,२९,४९,६७,२९७ या संख्येचे मराठी वाचन ‘चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव’ असे होते. हे नाव अंकांच्या स्थानमूल्यांचा निर्देश करते; संख्येच्या घडणीविषयी मात्र ते मूक आहे. २ च्या ३२ व्या घातात १ मिळविला असता ही संख्या सिद्ध होते, असे म्हटले म्हणजेच तिचे कुल कळते.

हे कुल फ्रेंच गणिती फर्मा याच्या नावाने ओळखले जाते. २ चे १, २, ४, ८ व १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळविल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या होत. १ व ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना अन्य विभाजक नाही. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्याच लाभेल, असा विश्वास फर्माने १६४० मध्ये प्रकट केला. सिद्धता मात्र दिली नाही.

३२ हा घातांक म्हणजे सहावे उदाहरण. १७३२ मध्ये ऑयलरने दाखविले की, ही संख्या ६४१ व ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. तिच्या कोणत्याही मूळ विभाजकास ६४ ने भागले असता बाकी १ उरलीच पाहिजे, हेही त्याने पुढे सिद्ध केले. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ अशा येतात. म्हणजे पाचव्याच परीक्षेत निर्णय लागतो.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हा निर्णय पडताळता येतो. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, अधिक १. म्हणून ६४१ ने भागताना त्या गुणाकाराची बाकी उणे १ धरता येते. त्याचा चौथा घात केल्यास ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. परंतु ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. अर्थात ५ च्या ४ थ्या घाताच्या जागी उणे २ चा ४ था घात घालता येतो. तसे केल्यास २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते, आणि त्यात १ मिळविताच बाकी शून्य होते.

या क्रमातील पुढील ज्या ज्या संख्यांचा निर्णय आजवर लागला आहे, त्या सर्व संयुक्तच ठरल्या आहेत. सहावी मूळ संख्या सापडलेली नाही. ती असणे अशक्य आहे, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

व्याकरणात अपवाद नोंदवून नियम राखता येतो. गणितात ती सोय नाही. तेथे पाच अनुकूल उदाहरणे केवळ अनुमान सुचवितात, आणि एक प्रतिकूल उदाहरण ते कायमचे मोडते.