पाया खणण्यापूर्वी

मराठवाड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसें जेथें राहतात तेथें चुलींची राख, पडक्या भिंतींची माती व फुटकीं खापरें थरांवर थर साचून जमीन उंचावते. गांवालगतचें पांढरें टेकाड म्हणजे बहुधा एक मोडलेलें गांवच होय.

लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील, तेरणाकांठचें तेर हें याचें ठळक उदाहरण. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक वर्णनांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नांवाचें नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जातें, असें म्हटलें आहे. तें तगर म्हणजे तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलें. पुढें १९५८ सालीं चापेकर यांनीं तेथें उत्खनन केलें. येथील पुराणवस्तूंचा रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेला संग्रह तेरच्या वस्तुसंग्रहालयांत आहे.

वस्तु मिळाली म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. ती कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं सांपडली, हें ठाऊक नसेल तर तिची निम्मी साक्ष नाहींशी होते. म्हणून घरें उठावयाच्या जागेवर प्रथम पृष्ठभागावरील खापरें पाहतात, मग लहान चौकोनी खड्डे घेऊन एकेक थर उतरतात. खड्ड्यांमधील बांध तसेच राखतात. त्यांच्या उभ्या कडेवर थरांचा क्रम स्पष्ट वाचतां येतो.

या वाचनाचा संबंध केवळ इतिहासाशीं नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरांत भूकंप झाला. तोंपर्यंत हा मुलूख नकाशावर सर्वांत निर्धोक पट्ट्यांत गणला जाई. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचा भार यांखालीं हजारों माणसें दगावलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. त्यानंतर भूवैज्ञानिकांनीं तेर येथें नदीकांठचे थर तपासले. ते वांकलेले व सरकलेले दिसले, आणि प्राचीन काळींही येथें मोठा धक्का बसला असावा, असें अनुमान त्यांनीं काढलें. नकाशाला जें ठाऊक नव्हतें तें दरडींत होतें. विचारणारा मात्र उशिरां आला.

केंद्र-संरक्षित स्थळाभोंवतीं १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम मना आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी आवश्यक, असें २०१० च्या दुरुस्तीनें ठरविलें. परंतु असंरक्षित टेकाडावर घर बांधण्याआधीं उत्खनन केलेंच पाहिजे, असें सरसकट बंधन नाहीं. लातूर, नांदेड, कंधार यांसारखीं गांवें वाढत असतां ही उणीव महत्त्वाची ठरते. एका पायाच्या चरांत दोन हजार वर्षांचे थर एका दिवसांत उपसले जातात, आणि उपसलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं.

१८७८ च्या निधि-कायद्यान्वयें भूमींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें आवश्यक आहे. खापर त्या मोलाचें नसेल. तरी कुदळ क्षणभर थांबवून पुरातत्त्व विभागास वर्दी देणें, हें घर बांधणाऱ्याच्याच हिताचें आहे.