जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या फ्युएल इंजेक्शन पंपाची देखभाल

प्रस्तावना

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर सुरू होईनासा झाला, काळा धूर सोडू लागला किंवा ओढीत कमी पडला की पहिला संशय इंजेक्शन पंपावर घेतला जातो. पंप उतरवून खोलला जातो आणि मोठा खर्च होतो. पुष्कळ वेळा मूळ दोष मात्र टाकीपासून पंपापर्यंतच्या मार्गात असतो. डिझेलमधील घाण, पाणी आणि हवा ही पंप बिघडण्याची तीन मुख्य कारणे आहेत. ती पंपापर्यंत पोहोचू न देणे, हीच पंपाची खरी देखभाल होय. यातील कोणती कामे चालकाने स्वतः करावीत आणि कोठे थांबावे, हे या पाठात पाहू.

पंपाचे कार्य

इंजेक्शन पंप प्रत्येक सिलिंडरला योग्य वेळी, योग्य मापाने आणि उच्च दाबाने डिझेल देतो. जुन्या ट्रॅक्टरांच्या नोझल साधारणपणे २०० बारच्या आसपासच्या दाबाला उघडतात. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट असतो.

मापाची कल्पना एका उदाहरणाने येईल. तीन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालले, तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १००० वेळा डिझेल मिळते. तिन्ही मिळून तासाला १,८०,००० वेळा. इंजिन तासाला ६ लिटर डिझेल घेत असेल, तर एका वेळचे माप सुमारे ३३ घन मिलिमीटर येते, म्हणजे एका थेंबाहूनही कमी.

इतके बारीक माप साधण्यासाठी प्लंजर आणि बॅरल एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. त्यांच्यातील फट केवळ काही मायक्रॉनची असते, तर माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही येथे ओरखडा पाडतो. एका जोडीतील प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये घालता येत नाही. या भागांना वंगणही डिझेलच देते. पाणी वंगण देत नाही, उलट गंज चढवते. रॉकेलची भेसळ असलेल्या डिझेलमध्ये वंगणाचा गुण कमी असतो.

पंपाचे प्रकार

जुन्या ट्रॅक्टरांत दोन प्रकार आढळतात.

इनलाइन पंप: नोझलकडे जाणाऱ्या नळ्या पंपाच्या माथ्यावर एका ओळीत असतात. प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र प्लंजर असतो. खालच्या भागातील कॅमशाफ्टला ऑइल लागते.

रोटरी पंप: नळ्या पंपाच्या डोक्याभोवती गोलाकार बसवलेल्या असतात. या प्रकारच्या बहुतेक जुन्या पंपांत आतील सर्व भागांचे वंगण डिझेलवरच अवलंबून असते. म्हणून पाण्याचा फटका या पंपाला लवकर बसतो.

चालकाने करावयाची कामे

१. डिझेलची साठवण: पिंपातील डिझेल एक दिवस स्थिर ठेवावे, म्हणजे पाणी व गाळ तळाशी बसतो. तळाचे डिझेल ट्रॅक्टरमध्ये घालू नये. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप किंवा डबे वापरू नयेत, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर चोंदतात. भरताना बारीक जाळीची स्वच्छ गाळणी वापरावी.

२. टाकी संध्याकाळी भरणे: अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतील दमट हवेचे पाणी होते. काम संपल्यावर टाकी भरल्यास हे टळते.

३. पाणी काढणे: सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी फिल्टरच्या किंवा काचेच्या वाटीच्या तळचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी सोडावे.

४. फिल्टर बदलणे: मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनुसार बदलावा. कागदी फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा वापरू नये, कारण धुताना घाण स्वच्छ बाजूला जाऊ शकते. उघडण्यापूर्वी बाहेरचा भाग स्वच्छ करावा. पुसायला धागे सुटणारी चिंधी वापरू नये.

५. पंपातील ऑइल: इनलाइन पंपाला स्वतंत्र ऑइल असल्यास पातळी तपासावी. पातळी आपोआप वाढत असेल व ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर आत गळती आहे. काही पंपांना इंजिनचेच ऑइल मिळते. तेथे ही गळती इंजिन ऑइल पातळ करते आणि बेअरिंगला धोका पोहोचवते.

६. धुताना: गरम किंवा चालू पंपावर थंड पाणी मारू नये. बाहेरचे भाग अचानक आकसल्याने आतील भाग जाम होऊ शकतात.

हवा काढण्याची पद्धत

डिझेल संपल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर मार्गात हवा शिरते. हवा दाबली जाते, त्यामुळे नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही.

१. टाकीत पुरेसे डिझेल घालून कॉक उघडा.
२. पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहा.
३. फेस थांबून अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा.
४. हीच कृती दुसऱ्या फिल्टरवर आणि शेवटी पंपावरील स्क्रूवर करा. क्रम बदलू नका.
५. तरीही इंजिन सुरू न झाल्यास नोझलकडील नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टरने इंजिन फिरवा. डिझेल आले की नट आवळा.

हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर टाकी ते फीड पंप हा भाग तपासावा. चालू इंजिनात हा भाग ओढीखाली असतो. येथील सैल जोड हवा आत घेतो, पण बाहेर डिझेल टपकेलच असे नाही. तडा गेलेली नळी आणि जुने वॉशर आधी बदलावेत.

लक्षणे आणि तपासणीचा क्रम

काळा धूर: आधी एअर फिल्टर, मग नोझल, शेवटी पंप.

ओढ कमी: आधी डिझेल फिल्टर आणि टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र.

एक सिलिंडर मिस: इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका नळीचा पंपाकडील नट सैल करावा. ज्या नळीने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये दोष असतो.

थंड इंजिन सुरू होते, गरम होत नाही: झिजलेले प्लंजर. गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटते. हे काम टेस्ट बेंचचे आहे.

कोठे थांबावे

प्लंजर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, गव्हर्नर आणि कमाल डिझेलचा सीलबंद स्क्रू यांना हात लावू नये. सील तोडून डिझेल वाढवल्यास थोडी ओढ वाढल्यासारखी वाटते, पण धूर, खप आणि पिस्टनवरील ताप वाढतो. ही जुळणी कॅलिब्रेशनच्या टेस्ट बेंचवरच होते.

पंप उतरवण्यापूर्वी फ्लँज व इंजिनवर जुळती खूण करावी. इनलाइन पंपाचा कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे पंपाच्या टायमिंगमध्ये १ अंशाची चूक क्रँकशाफ्टवर २ अंशांची होते. उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ टोपणे लावावीत.

सुरक्षितता

नोझलच्या फवाऱ्यासमोर किंवा उच्च दाबाच्या गळतीवर हात धरू नये. बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे आणि डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.

दीर्घकाळ उभा ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी स्टॉप लिव्हर पूर्ण हलून परत येतो का, हे पाहावे. रॅक जाम असेल तर इंजिन बेफाम वेग घेऊ शकते. तसे झाल्यास हवेचे तोंड लाकडी फळीने बंद करावे, हाताने नव्हे.

सारांश

प्लंजरची झीज घरी दुरुस्त होत नाही, पण ती लांबवता येते. स्वच्छ डिझेल, रोज काढलेले पाणी, वेळेवर बदललेला फिल्टर आणि घट्ट जोड एवढे सांभाळावे. दोष शोधताना टाकीपासून सुरुवात करून पंपाकडे यावे.

स्वाध्याय

१. एका बॅरलमधील प्लंजर दुसऱ्यात का घालता येत नाही?
२. टाकी ते फीड पंप या भागातील गळती चालू इंजिनात डोळ्यांना का दिसत नाही?
३. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांनी चालते व तासाला ७ लिटर डिझेल घेते. एका वेळचे माप काढा.